पायथनची सोय किती दिवस परवडते?

ओझरकर | मंगळवार, रात्री १०:१२
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये इंदिरानगरला आमचं छोटं ऑफिस आहे, पाच-सहा जणांचं. द्राक्षबागांत हवामानाची यंत्रं बसवतो. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती वेळ ओलं राहिलं, यांची दर पंधरा मिनिटांनी एक नोंद सर्व्हरवर येते. त्यावरून डाऊनी, भुरी, करपा वगैरे रोगांचा धोका काढायचा आणि पहाटे शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा, हे काम. दिंडोरी, निफाड, चांदवड धरून आता दोन हजारांच्या आसपास प्लॉट झालेत.

सगळा हिशोब पायथनमध्ये, पांडाज ही तक्त्यांवर काम करायची लायब्ररी वापरून लिहिलाय. शंभरेक प्लॉट होते तेव्हा चहा होईस्तोवर उरकायचं. आता रात्री एकला सुरू केलेलं सहा वाजले तरी चालूच असतं, आणि फवारणीवाला सहाला बागेत असतो.

टीममधला एक जण म्हणतो, सगळं गो या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहू. दुसरा म्हणतो, मोठा सर्व्हर घ्या, भाडं भरा, विषय संपवा. मला दोन्ही पटेना. पायथनची सोय सोडवत नाही आणि तिची किंमत आता डोळ्यांवर यायला लागलीय. गोडी छाटणी तोंडावर आहे. तुम्ही अशा वेळी काय बदललंत, काय तसंच ठेवलंत, ते सांगा. भाषांचं भांडण मात्र नको.

मिसळीत_पाव | रात्री १०:१९
भांडण नको म्हणालात म्हणजे धाग्याची शंभरी नक्की. मी खुर्ची टाकून बसलोय.

सेमीकोलन | रात्री १०:४०
भांडत नाही, पण स्पष्ट बोलतो. तुमच्या टीममधला तो मुलगा बरोबर आहे. पायथनमध्ये साधा छोटा पूर्णांक ठेवायला २८ बाइट लागतात. प्रत्येक बेरजेच्या वेळी पायथन चालवणारा इंटरप्रिटर आधी विचारत बसतो, हा आकडा आहे की मजकूर, याची बेरीज कशी करायची. हेच प्रश्न गोचा कंपायलर एकदाच विचारतो, तेही प्रोग्रॅम चालायच्या आधी. शिवाय एक तयार फाइल सर्व्हरवर टाकली की झालं. इथे पॅकेज नाही, तिथे आवृत्ती जुळत नाही, हा रात्रीचा तमाशा बंद.

भाषा शिकायला अवघड म्हणाल, तर गोमध्ये २५ कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द आहेत. पायथनमध्ये ३५.

गंगापूररोड | रात्री १०:५८
कीवर्ड मोजून माणसं मिळत नाहीत हो. इथल्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक पोरांना पायथन येतं. गो येणारा पोरगा नाशकात सापडला तर धरून ठेवा, कारण तो पुढच्या दिवाळीला हिंजवडीत असतो. मी पाच-सहा जणांची टीम चालवली आहे. एकाच माणसाला येणाऱ्या भाषेत कंपनीचा गाभा लिहिला आणि तो माणूस गेला की काय होतं, ते विचारू नका.

सेमीकोलन | रात्री ११:०३
मग शिकवा ना. महिन्याभरात होतं.

गंगापूररोड | रात्री ११:०५
शिकवतो. शिकला की हिंजवडी.

कळफलक | रात्री ११:३०
मी नुकतीच पास झालेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पोर्तुगालच्या संशोधकांचा २०१७ चा एक पेपर आम्हाला सेमिनारला होता. २७ भाषा घेऊन त्यांनी वीज, वेळ आणि मेमरी मोजली होती. सी भाषेला १ धरलं तर रस्ट १.०३, जावा १.९८ आणि पायथन ७५.८८, हे विजेचे आकडे. वेळेतही पायथन सत्तर पटींच्या वर. एवढा फरक असेल तर सोयीची चर्चा करायचीच कशाला?

रात्रपाळी | बुधवार, पहाटे १:१५
@कळफलक, आकडे बरोबर आहेत, पण ते कशाचे आहेत ते पाहा. त्यांनी छोटे कोडी सोडवणारे प्रोग्रॅम घेतले होते आणि बहुतेक ठिकाणी सगळं काम त्या-त्या भाषेतच झालं होतं. त्याच पेपरात टाइपस्क्रिप्ट जावास्क्रिप्टपेक्षा कितीतरी महाग निघाली आहे, आणि टाइपस्क्रिप्ट चालते ती जावास्क्रिप्ट होऊनच. एखाद्याच प्रोग्रॅमच्या वेड्यावाकड्या आकड्याने सरासरी कशी फिरते ते यावरून कळतं. रोजच्या कामात पायथनवाला जड आकडेमोड नमपाय या लायब्ररीकडे देतो आणि ती खाली सी मध्येच चालते.

आता @ओझरकर. सात वर्षं रात्रीचेच जॉब सांभाळतोय म्हणून हे नाव घेतलं. आधी हिशोब करू. दिवसाच्या ९६ नोंदी, हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर प्लॉटमागे १४,४००. दोन हजार प्लॉट म्हणजे २ कोटी ८८ लाख ओळी. रोज अख्खा हंगाम पुन्हा मोजता असं धरलं तरी चार-पाच तुलना आणि एखादा काउंटर एवढंच काम असेल, तर गो किंवा सी ला हे काही सेकंदांचं आहे. पण साध्या पायथनच्या साध्या लूपलाही पाच तास लागू नयेत. काही मिनिटं लागावीत. म्हणजे हे पाच तास भाषेच्या नावावर टाकायच्या आधी ते जातात कुठे ते बघा. पाय-स्पाय लावा, वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन आहे. चालू प्रोग्रॅमला बाहेरूनच जोडता येतं, कोडला हात लावावा लागत नाही. काय दिसतं ते इथे टाका, मग भाषेचं बोलू.

मिसळीत_पाव | सकाळी ८:०२
थोडक्यात, फेरारी घेतली तरी नाशकात ट्रॅफिकमधून द्वारका चौक ओलांडायला तेवढाच वेळ.

सेमीकोलन | सकाळी ८:१०
आला बघा द्वारका चौक. कुठल्याही धाग्यावर तिसऱ्या नाहीतर दहाव्या प्रतिसादात येतोच. अहो, इथे चौक नाहीच आहे, इथे गाडीच ढकलत नेतायत.

फॉक्सप्रो_काका | सकाळी ९:४५
सातपूरच्या कारखान्यांसाठी मी पंधरा-वीस वर्षं फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत पगारपत्रकं आणि स्टॉकची कामं केली. सी वाले तेव्हाही आम्हाला हसायचे. पण कारखान्याचा हिशेबनीस शेजारी बसायचा, "ओव्हरटाइमचा नियम असा नाही, असा" म्हणायचा, आणि तो उठायच्या आत नियम बदललेला असायचा. ही सोय पैशात कशी मोजणार? आणि इंडेक्स नीट लावला तर फॉक्सप्रो त्या काळच्या मशीनवरही चांगलं पळायचं. लावला नाही तर रडायचं. भाषा तीच.

माझी सूचना वेगळी आहे. सोय कोणाच्या हातात आहे ते बघा. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स कंपनी विकत घेतली, ९ व्या आवृत्तीनंतर पुढे काही काढलं नाही, २०१५ ला सपोर्टही संपला. आमचा धंदा उत्तम चालू असताना दुसऱ्याच कोणीतरी त्याच्यावर तारीख टाकली. कामं आजही चालू आहेत, पण नवीन विंडोज आली की पोटात गोळा येतो.

कळफलक | सकाळी १०:२०
काका, पायथन तर कोणा एका कंपनीचं नाही ना? मग तो धोका नाही.

फॉक्सप्रो_काका | सकाळी १०:३१
बाळ, कंपनीचं नाही हे खरं. पण पायथन २ ला १ जानेवारी २०२० ला रामराम ठोकलाच की त्यांनी. पायथन ३ वर जाताना प्रिंटला कंस घालत किती लोक बसले होते ते विचार इथे कोणालाही.

रात्रपाळी | सकाळी १०:३३
प्रिंटचे कंस परवडले काका. मजकूर आणि बाइट वेगळे झाले, तिथे खरं रक्त आटलं.

गंगापूररोड | सकाळी ११:१०
अवांतर होतंय, पण एक सोपा उपाय सुचवतो. पायथनची आवृत्ती कोणती आहे? ३.११ ही ३.१० पेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान, असं त्यांनीच २०२२ ला जाहीर केलं होतं. फुकटात मिळतंय ते घ्या.

सेमीकोलन | सकाळी ११:१४
पाच तासांचे चार होतील. एकला सुरू, पाचला बंद. शेतकरी खूश, धागा बंद. पुढच्या वर्षी प्लॉट तीन हजार झाले की भेटूच.

ओझरकर | दुपारी २:५०
सगळ्यांचे आभार. पाय-स्पाय लावलं. मला वाटलं होतं डेटाबेस निघेल, पण तो दहा मिनिटांतच मोकळा होतो. बाकी जवळजवळ सगळा वेळ पांडाजच्या इटररोजमध्ये, म्हणजे तक्त्याची एकेक ओळ काढून देणाऱ्या फंक्शनमध्ये, आणि त्याच्या आत एकेका ओळीत निकाल लिहिण्यात जातोय. चार रोगांसाठी चार वेळा.

अडचण अशी की नियमच मागच्या ओळीवर अवलंबून आहे. पान सलग किती तास ओलं राहिलं हे मोजायचं, मध्ये सुकलं तर काउंटर शून्यावर, पण थोडाच वेळ सुकलं तर शून्यावर आणायचा नाही. त्यामुळे "लूप काढून एका ओळीत लिहा" हा नेहमीचा सल्ला इथे लागू पडत नाही. आणि हो, रोज अख्खा हंगाम पुन्हा मोजतो. डोंगराकडच्या प्लॉटना रेंज नसते, तिथल्या नोंदी दोन-दोन दिवस उशिरा येतात.

रात्रपाळी | दुपारी ३:४०
मग चित्र स्पष्ट आहे. इटररोज दर ओळीला एक नवी सीरिज बनवतं. चार आकडे वाचायला एवढा मोठा ऑब्जेक्ट जन्माला घालायचा आणि लगेच मारायचा, तेही २ कोटी ८८ लाख वेळा, गुणिले चार. ही किंमत पायथनची कमी आणि त्या सोयीच्या फंक्शनची जास्त आहे.

लूप काढता येत नाही हे अर्धंच खरं. काळाच्या दिशेने काढता येत नाही, कारण आताची ओळ मागच्या ओळीला बांधलेली आहे. पण प्लॉट एकमेकांना बांधलेले नाहीत! दिंडोरीचं पान ओलं आहे का, याचा निफाडच्या काउंटरशी संबंध नाही. मग लूप वेळेवर चालवा, १४,४०० फेऱ्यांचा. दर फेरीत दोन हजार प्लॉटचे काउंटर नमपायच्या एकाच ॲरेत एकदम पुढे सरकवा. २ कोटी ८८ लाख वेळा इंटरप्रिटरमध्ये शिरण्याऐवजी १४,४०० वेळा, प्रत्येक वेळी दहा-वीस क्रिया.

मेमरीचंही बघा. एक रकाना नमपायमध्ये दर आकड्याला ८ बाइटने साधारण २३० एमबी. तोच साध्या लिस्टमध्ये ठेवलात तर प्रत्येक दशांश आकड्याचा २४ बाइटचा ऑब्जेक्ट, वर त्याचा पत्ता ठेवायला ८, म्हणजे चौपट.

कळफलक | दुपारी ३:५५
हे आडवं-उभं फिरवणं डोक्यातच आलं नव्हतं. मी तर प्लॉट वाटून चार प्रोसेस चालवा असं लिहिणार होते.

रात्रपाळी | दुपारी ४:०१
तेही चालेल. वेगळ्या प्रोसेस असल्या की जिलचा, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या पायथनच्या कुलपाचा, अडथळा राहत नाही. पण वाईट लूप चार कोअरवर चालवला तर चारही कोअर वाईट कामात अडकतात. आधी लूप सुधारा.

सेमीकोलन | दुपारी ४:३०
म्हणजे शेवटी काय, "जर ओलं असेल तर वाढव, नाहीतर शून्य कर" एवढं सरळ वाक्य सोडून नमपायच्या व्हेअर या अट लावणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेअर, त्याच्या आत आणखी एक व्हेअर. याला सोय म्हणता? वेग हवा म्हणून पायथनच पायथनसारखं लिहायचं नाही, मग पायथन ठेवलं कशासाठी? गोमध्ये हाच नियम सरळ इफ-एल्सने लिहा, जसा बोलता तसा, आणि तो आपोआप वेगवान असतो.

आर्द्रा | संध्याकाळी ६:४८
नमस्कार. ओझरकर ज्या टीमबद्दल लिहितायत त्यातली कृषीवाली मी. आजवर फक्त वाचायचे, आज खाते उघडले.

ते नियम मीच लिहिते आणि मीच बदलते. माझे शिक्षण वनस्पती रोगशास्त्रातले, प्रोग्रॅमिंग इथे येऊन शिकले, तेही जेवढे लागले तेवढेच. डाऊनीचा जुना ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे: कोवळी फूट १० सेंटिमीटर, तापमान १० अंश, पाऊस १० मिलिमीटर. पण आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस नसतानाही नुसत्या दवाने पान रात्रभर ओले राहते. तेव्हा तो नियम आमच्या बागांना जसाच्या तसा चालत नाही, सारखा जुळवावा लागतो. मला नियम एका स्क्रीनवर दिसला पाहिजे आणि तो मला बदलता आला पाहिजे. तीन महिन्यांनी उघडला तरी वाचता आला पाहिजे. सेमीकोलन म्हणतात ते व्हेअरच्या आत व्हेअर ओझरकरांनी दुपारी करून दाखवले. जोरात पळाले. मला वाचता आले नाही.

गोला माझा विरोध नाही. पण मग नियम बदलायला दर वेळी कोणाच्या तरी टेबलापाशी जाऊन उभे राहावे लागेल, त्याला वेळ असेल तेव्हा. फॉक्सप्रो काकांच्या गोष्टीतली हिशेबनीस मी आहे, फक्त कीबोर्ड माझ्याच हातात आहे.

आणि एक गोष्ट इथे कोणी बोलले नाही. पहाटेच्या मेसेजइतकाच मला दिवसा वेग हवा आहे. उंबरठा सहा तासांऐवजी पाच केला तर गेल्या हंगामात किती धोके वाढले असते, हे बघायला आज मला रात्रभर थांबावे लागते. म्हणून मी असे प्रयोग करतच नाही, अंदाजाने आकडा टाकते. हळू प्रोग्रॅममुळे नियम वाईट राहतात, याची नोंद कुठल्याच खर्चात होत नाही.

गंगापूररोड | संध्याकाळी ७:०५
ताई, हा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावतो.

रात्रपाळी | रात्री ९:२०
आर्द्राताई, तुमच्यासाठी उत्तर बहुधा नंबा आहे. सरळ इफ-एल्स आणि फॉर लूप असलेलं फंक्शन तसंच ठेवायचं, डोक्यावर एक डेकोरेटर, म्हणजे एका ओळीची खूण लावायची. पहिल्यांदा बोलावलं की नंबा एलएलव्हीएम हे कंपायलरचं साधन वापरून त्याचं मशीन कोड बनवतो, म्हणून पहिली फेरी जरा थांबते. निकाल साठवायला सांगितलं तर पुढच्या वेळी तेवढंही थांबावं लागत नाही. अशा लूपमध्ये वेग सी च्या जवळपास जातो.

पण अटी आहेत. पांडाज आत चालत नाही, नमपायचे ॲरेच द्यायचे. सगळं पायथन त्याला कळत नाही, आणि चूक झाली की येणारा संदेश वाचून माणूस शेतीकडे वळतो. पायथनची नवी आवृत्ती आली की नंबा तिला जुळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून वरचा "नवी आवृत्ती घ्या" सल्ला जरा जपून.

सेमीकोलन | रात्री ९:४१
मान्य. नंबा तुमच्या या कामाला बसतो. पण ज्या दिवशी त्या फंक्शनात डिक्शनरी, क्लास, मजकूर सगळं घुसेल, त्या दिवशी माझी आठवण काढा.

मिसळीत_पाव | रात्री ९:४४
आठवण काढायला तुम्ही जाल तर ना. गोवरून आता रस्टवर कधी?

सेमीकोलन | रात्री ९:५०
हसा. पण डिस्कॉर्डने २०२० मध्ये त्यांची एक सर्व्हिस गोवरून रस्टवर नेली ती हौस म्हणून नाही. गोचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग, दर दोन मिनिटांनी फिरायचा आणि तेवढ्यात प्रतिसाद लांबायचा. त्यांच्या पातळीला ते टोचलं. ओझरकरांना टोचणार नाही, हे मी स्वतःच सांगतो.

निफाडकर | गुरुवार, सकाळी ७:१०
मी यांचा मेसेज घेणारा. साडेआठला येतो आजकाल. तुमची भाषा कुठली का असंना, पण सहाला आला तरी माझं पूर्ण भागत नाही. औषध आणायचं, पाणी भरून ठेवायचं, ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, हे आदल्या संध्याकाळी होतं. संध्याकाळी सातला "उद्या बहुतेक मारावं लागेल" एवढं कळलं तरी बास. सकाळी पक्कं सांगा.

आर्द्रा | सकाळी ७:३२
दादा, संध्याकाळचे सांगायचे तर ते हवामान अंदाजावरून काढावे लागेल, प्रत्यक्ष नोंदीवरून नाही. चुकण्याची शक्यता जास्त. चालेल?

निफाडकर | सकाळी ७:४०
तसं स्पष्ट लिहून पाठवा. पाणी भरून ठेवलं आणि मारावं लागलं नाही, तर नुकसान नाही काही. उलट झालं तर घड जातो.

ओझरकर | शुक्रवार, रात्री ८:२५
डाऊनीचा नियम नंबावर हलवला. अख्खा हंगाम, सगळे प्लॉट, मिनिटाच्या आत. आता डेटाबेसमधून नोंदी आणणं हाच मोठा खर्च उरलाय. त्यामुळे निफाडकरांना हवा तसा संध्याकाळचा मेसेज शक्य दिसतोय. गोचा विषय तूर्त बाजूला. नोंदी स्वीकारणारा वेगळा भाग आहे, तो पुढेमागे गोमध्ये जाईल. त्याला आर्द्राताई हात लावत नाहीत.

एक अडलंय. द्राक्षाच्या वाणानुसार उंबरठे वेगळे. आधी वाणांची नावं मजकूर म्हणून होती. आता थॉम्पसन १, सोनाका २, शरद ३ असे आकडे केले आणि ताई चिडल्यात.

आर्द्रा | रात्री ८:३३
चिडणारच. "वाण बरोबर २" वाचून मला काय कळणार?

कळफलक | रात्री ८:५०
फाइलच्या वरच नाव देऊन ठेवा ना, सोनाका म्हणजे २, आणि नियमात नावच वापरा. बाहेरचे असे ग्लोबल आकडे नंबा कंपाइल करताना स्थिर धरतो. फक्त आकडा बदलला तर पुन्हा कंपाइल करायला विसरू नका. पायथन ३ मध्ये नाव देवनागरीतसुद्धा देता येतं, पण नंबाखाली आधी तपासून बघा.

सेमीकोलन | रात्री ९:०२
हा गुण माझ्या विरोधात जातो तरी सांगतो. गोमध्ये "सोनाका" हे नाव चालणार नाही. तिथे नावात अक्षरं आणि अंक चालतात, आणि आपल्या मात्रांना तो अक्षर मानत नाही. "शरद" चालेल, "सोनाका" नाही. त्यातही पॅकेजबाहेर दिसायचं तर पहिलं अक्षर कॅपिटल लागतं, आणि कॅपिटल "श" कुठून आणायचा?

मिसळीत_पाव | रात्री ९:०४
म्हणजे गोमध्ये काना-मात्रा-वेलांटीरहित द्राक्षंच लावायची.

आर्द्रा | रात्री ९:३०
देवनागरी नावे उद्या करून बघते. @रात्रपाळी, शेवटचा प्रश्न. भुरीला पान ओले लागत नाही, कोरड्या ढगाळ हवेतही वाढते, तेव्हा तिचा काउंटर वेगळा. मग उशिरा आलेल्या नोंदींसाठी दोन्ही नियम रोज मुळापासून चालवावेत का? आता वेळ लागत नाही, पण डेटाबेस तेवढ्या नोंदी देत बसतो.

रात्रपाळी | रात्री ११:५५
नको. दर प्लॉटचे सगळे काउंटर रोज मध्यरात्री एका तक्त्यात साठवा. उशिरा आलेली नोंद ज्या दिवसाची असेल, त्याच्या आधीच्या मध्यरात्रीचे काउंटर उचला आणि तिथून पुढे चालवा. बाकीच्या प्लॉटना फक्त आजचा दिवस. तुम्ही उंबरठा बदललात तर मात्र साठवलेलं सगळं रद्द, म्हणून तक्त्यात नियमाची आवृत्ती लिहायला एक रकाना ठेवा.